लुगार्दामावशीच्या टेबलाची वेळ

आमच्या गावच्या सणाला, ऑगस्टात, कुणालाही दार बंद नसतं. नाच बघायला आलेला ओळखीचा असो नाहीतर रस्ता चुकलेला, त्याला घरात बोलवायचं, जेवू घालायचं. पाहुण्यालाही एकच नियम: जेवलं की उठायचं, बाहेर दुसरा उभा असतो. न्यू मेक्सिकोच्या आमच्या टोकाला हे शेंबड्या पोरालाही कळतं.

लुगार्दामावशी पन्नास वर्षं हे टेबल मांडत आली. कोरोनाची दोन वर्षं गावाने रस्त्यावर ओंडका टाकून बाहेरच्यांना बंदी केली. त्यातच तिचा भाऊ, ढोल वाजवणारा रामोसमामा गेला. तरी मावशीने सणाला लाल मिरचीचा रस्सा रांधलाच. वाडगे अंगणाच्या भिंतीवर ठेवायची, शेजारी येऊन उचलून न्यायचे.

तिसऱ्या वर्षी ओंडका हटला आणि पहिल्याच पंगतीला दारात व्हॅन थांबली. बारा माणसं, गळ्यात सहल कंपनीच्या ओळखपत्रांचे पट्टे, पुढे क्रेग नावाचा वाटाड्या. पूर्वीही परके यायचे, पण एकटेदुकटे, संकोचत. हे बापाचं घर असल्यासारखे ऐसपैस बसले.

क्रेगने भिंतीजवळची रिकामी खुर्ची दाखवली. "ही त्या ढोलवाल्याची. साथीत गेला बिचारा." बारा चेहरे एकदम पडले. एका बाईने डोळे पुसले, खुर्चीवर हात ठेवला आणि स्वतःचा फोटो काढून घेतला. मला शिसारी आली.

बाहेर उन्हात तेलेस्फोरकाका टोपी हातात धरून उभे होते. शेजारच्या गावचे, मामाचे ढोलसोबती, वय चौऱ्याऐंशी. बंदीची दोन वर्षं सोडली तर एकही सण त्यांनी चुकवला नव्हता. मावशीने खिडकीतून पाहिलं.

"जेवलात ना रे बाळांनो? मग उठा आता. बाहेर म्हातारा ताटकळलाय."

"आजी, आमची वेळ एक वाजेपर्यंत आहे," क्रेग म्हणाला. "तिकिटावर तसं लिहिलंय."

"कसलं तिकीट?"

"तुमच्या घरच्या जेवणाचं. साथीनंतर लोकांना नुसते नाच पुरत नाहीत, आजी. खरं दुःख जवळून बघायचं असतं."

"माझ्या घराचं तिकीट? मला न विचारता?"

"तुम्ही तर सगळ्यांनाच वाढता ना?"

मेल्याला लाजही वाटली नाही! आणि सणाच्या पाहुण्याला हाकलायची आमच्यात रीत नाही, हे तो पुरतं ओळखून होता.

मावशीने रश्श्याचं भांडं उचललं, बाहेर नेलं आणि अंगणाच्या भिंतीवर ठेवलं. "तेलेस्फोर!" तिने हाक मारली. अंगणात कुणी नव्हतं. त्यांचा जुना ट्रक वळणापलीकडे जाताना दिसला. तरीही तिने एक वाडगा भरला आणि पावाने झाकला.

मग आत जाऊन, खुर्चीवरची त्या बाईची पर्स खाली ठेवून, मामाची खुर्ची बाहेर आणली आणि तिच्यावर बसली. आतून क्रेगने विचारलं, "आजी, आणखी पाव आहे का?"

मावशी पचकन थुंकली.

"साथीच्या दोन वर्षांत या दारातून कुणी उपाशी गेलं नाही गं," ती मला म्हणाली. "आज गेला."