खिडकीतून टाकलेली पिशवी

आमच्या संसारात एसटीत जागा धरायचं खातं ह्यांच्याकडे होतं. गाडी फलाटाला लागायच्या आत हे पळत सुटायचे, खिडकीतून रुमाल आत टाकायचे, आणि मी मागून सावकाश, राणीसारखी यायची. रुमाल पडला की जागा आपली. त्यावर कोणी बसलंच तर हे काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. बसलेला मुकाट उठायचा. हे गेल्यापासून मी एसटीत पाऊल ठेवलं नव्हतं.

यंदा मात्र मनानं घेतलं की थंडीत एकटीनं कोकण बघायचं. कुणाच्या लग्नाला नाही की देवकार्याला नाही, नुसतं बघायला. एसटीनं, वाटेल त्या गावी उतरत. घोडबंदर रोडला राहणाऱ्या मुलाला हे सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, मी नेतो गाडीनं. त्याच्या गाडीत काचा बंद, एसी चालू आणि चहाला कुठे थांबायचं तेही तोच ठरवणार. मी साफ नाही म्हटलं. बरीच वादावादी होऊन तडजोड निघाली: आधी एक दिवस जवळपास एकटीनं बसनं फिरून दाखवायचं. तो मधूनमधून फोन करणार. एकदा जरी फोन उचलला गेला नाही तर कोकण त्याच्या गाडीनं. त्याला शाळेच्या सहलीला पाठवताना मी घातल्या नसतील एवढ्या अटी त्यानं मला घातल्या.

मी टिटवाळा निवडलं. वर्तकनगरात जन्म गेला, गणपतीला कितीदा जाऊन आले, पण कायम कुणाच्या तरी घाईत. दर्शन घ्या आणि पळा. तळ्याकाठी निवांत बसायचं राहूनच गेलेलं. सकाळी डबा घेऊन निघाले. फोनची बॅटरी संपू नये म्हणून मुलानं पॉवर बँक दिली होती, तिला फोन जोडून दोन्ही पिशवीत ठेवले. पैशाची पर्स गळ्यात. कल्याणपर्यंतची बस ट्रॅफिकमध्ये रखडत गेली, पण खिडकी मिळाली होती आणि मला कसली घाई? वाटेत त्याचे फोन आले ते मी पहिल्या रिंगला उचलले.

कल्याणच्या स्टँडवर टिटवाळ्याची गाडी लागली आणि दारात ही झुंबड उडाली. म्हटलं, आता जागा आपली आपण धरायची. माझ्याकडे रुमाल नव्हता, मी कधीच बाळगत नाही. शेजारी दुसरी लाल गाडी उभी होती. दोन्हींच्या मधल्या बोळकांडीत शिरले, टाचा उंचावल्या, उघड्या खिडकीतून पिशवी आत ढकलली आणि विजयी वीरासारखी दाराकडे वळले. कोपरं मारत आत चढले तर माझ्या जागेवर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसलेले. पिशवीचा पत्ता नाही. मी त्यांच्याशी भांडायला तोंड उघडलं आणि बाहेर लक्ष गेलं. शेजारची गाडी मागे सरत होती. तिच्या खिडकीत माझी पिशवी ऐटीत बसली होती.

मी खाली उतरेपर्यंत ती मुरबाडच्या रस्त्याला लागलेली.

चौकशीच्या खिडकीतल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. हसू आलं असणार, पण दाखवलं नाही. मुरबाडला फोन लावून ठेवतो, गाडी पोहोचली की पिशवी तीच परत आणेल, तोवर बसा म्हणाले. मुलाला कळवायला स्वतःचा मोबाइलही पुढे केला. तेव्हा लक्षात आलं की मला पोटच्या पोराचाच काय, स्वतःचाही नंबर पाठ नाही. कधीच बंद झालेला आमच्या घरचा जुना लँडलाइन नंबर तेवढा धडाधड आठवला.

मग मी बाकावर बसून राहिले. पिशवीचं काही वाटत नव्हतं. तिकडे फोन वाजत असणार, आणि इथे माझं कोकण हातातून चाललं होतं. मला रडू फुटलं. स्वतःचा रागही आला, ह्यांचाही आला. एवढी वर्षं पुढे पळालात, एकदा तरी मला पळू द्यायचं होतं.

दुपार कलताना मुरबाडची गाडी आत आली. कंडक्टर बाईंनी पिशवी हातात दिली. डबा, पाण्याची बाटली, फोन, सगळं जागच्या जागी.

"काकू, गाडी खच्चून भरलेली, माणसं उभी होती," त्या म्हणाल्या. "पण शेजारची बाई कुणाला बसूच देईना. पिशवी टाकलीय म्हणजे माणूस येणार, म्हणे. तुमचा फोन वाजला, तोही तिनंच उचलला."

त्या बाई मुरबाडलाच उतरून गेल्या होत्या. त्यांना कधी भेटेन असं वाटत नाही, पण देव त्यांचं भलं करो.

पुढच्या टिटवाळ्याच्या गाडीत मी सगळ्यांच्या मागून चढले आणि शेवटच्या बाकावर जागा मिळाली. जीव मुठीत धरून मुलाला फोन लावला. तो खुशीत होता. मघाशी एका बाईंनी उचलला, म्हणाला. त्यांनी सांगितलं की तुमच्या आईनं जागा धरून ठेवलीय, येतीलच एवढ्यात. मग त्याला वाटलं, बरं झालं, आईला सोबत मिळाली. गप्प बसले असते तर कोकण पदरात पडलेलंच होतं. पण छातीवरचा दगड उतरला की जिभेला धरबंद राहत नाही. मी बोळकांडीपासून बाकापर्यंत सगळं सांगून टाकलं.

पलीकडून हॉर्न ऐकू येत होते. तो ट्रॅफिकमध्ये अडकलेला असावा.

"आई," तो म्हणाला, "बाबांनी पिशवी कधीच टाकली नाही. रुमाल टाकायचे."

"माहितीय रे."

"मग कोकणात जाताना चार-पाच रुमाल घेऊन जा."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. गाडी सुटली. डोळे पुसायला तेवढा एक रुमाल तेव्हा हवा होता, पण पदरानंच भागवलं.