गार नळ्यांचा कूलर

बायको रावेतच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून चाकणच्या एका कंपनीसाठी साच्यांची डिझाइनं करते. उन्हाळ्यात तिचा कॉम्प्युटर तापून भर कामात बंद पडायला लागला, तसं तिच्या साहेबांनी सुनावलं, ‘‘घरून जमत नसेल तर सोमवारपासून रोज इथे या.’’ रोज म्हणजे तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी, जाताना आणि येताना. ‘‘त्यापेक्षा नोकरी सोडेन,’’ ती म्हणाली, आणि ते खरंच वाटलं.

मी प्रोसेसरवर बसवायचा नवा कूलर मागवला. तांब्याच्या नळ्या, पत्र्यांची चळत, समोर पंखा. काय रुबाब! पण माझी हयात भोसरीत क्वालिटी खात्यात गेलीय. खोक्यावरच्या बढाईला मी भुलत नाही. आधी जुन्या कूलरवर तिचं सगळ्यात जड काम चालवून तापमान पाहिलं. मग तेच काम, तीच खोली, छताचा पंखाही त्याच नंबरावर, फक्त कूलर नवा. बसवायला मेव्हणा. तो एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो, हात चोख.

पडदा उघडला आणि आमचा नायक पहिल्याच प्रवेशात आडवा! तापमान जुन्यापेक्षाही झपाट्याने चढलं, कॉम्प्युटर बंद.

‘‘दाजी, परत पाठवा. भंगार आहे,’’ मेव्हणा म्हणाला.

‘‘सोमवारपासून माझा डबा तुम्हीच भरायचा हं,’’ बायको मला म्हणाली.

मी नळ्यांना बोट लावलं. गार! खाली भट्टी आणि वर माठ? म्हणजे उष्णता नळ्यांपर्यंत पोचतच नव्हती. ‘‘उतरव रे!’’ मी गरजलो. कूलर उलटा केला. प्रोसेसरला टेकणाऱ्या बाजूवर, उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टने माखलेली, कंपनीने चिकटवलेली पारदर्शक फिल्म तशीच.

‘‘ही काढली नाहीस?’’

‘‘अहो दाजी, फिल्म कशी काढणार? चरा पडला तर माल रिजेक्ट! आमच्यात ती कस्टमरच काढतो.’’

या माणसाच्या गाडीच्या सीटांवर अजून शोरूमचं प्लास्टिक आहे, हे मला तेव्हा आठवलं.

‘‘मग कस्टमर मी,’’ म्हणत बायकोने नखाने कोपरा उचकटला आणि सर्रकन फिल्म ओढली. मेव्हण्याने डोळे मिटले.

पुसून, नवी पेस्ट लावून कूलर पुन्हा बसवला. तेच काम. तापमान चढलं, घुटमळलं आणि जुन्याच्या बरंच खाली ठाण मांडून बसलं. काम शेवटपर्यंत गेलं. नळ्या आता छान कोमट.

निकाल जाहीर करायला मी घसा खाकरला, पण बायको फोनवर होती. ‘‘हो साहेब. सोमवारी घरूनच.’’

फोन ठेवून तिने खुर्ची पुढे ओढली. ‘‘चला, उठा दोघं. माझ्या ऑफिसात गर्दी नको.’’