मावशीचा वाटा

रागवावं कसं, हे सगळ्या मुंबईत एकाच बाईला ठाऊक होतं; बाकीचे आपण नुसती चिडचिड करतो. ती बाई म्हणजे आमच्या घरी मासे घेऊन येणारी मावशी. वेसाव्याहून डोक्यावर टोपली घेऊन ती निघायची ती अंधेरीला आमच्या दारात पोचेपर्यंत टांगेवाला, पोस्टमन, दुधाच्या केंद्रावरची रांग अशा सगळ्यांवर एकेकदा रागावून झालेली असायची. टोपली उतरवली की माशांची पाळी. "वीतभर पन नाय, इतक्यात कशाला आलास रं जाल्यात?" असं तिने एका पापलेटाला विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. आईने कल्ला उचलून पाहिला, की "डॉक्टर हायस का गो तू?" म्हणत ती टोपलीवर फडकं ओढून चालू लागायची आणि फाटकापासून परत यायची. घासाघीस केली तर तिला राग यायचा, न केली तर जास्त यायचा. पण त्या रागाची खूण आईला सापडली होती. शिव्या जितक्या मोठ्या तितके बोंबील जास्त. तोंडाने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू असायचा आणि हात मात्र परातीत वरचे दोन बोंबील टाकत असायचा.

तिच्या तडाख्यातून मेलेली माणसंही सुटत नसत. माझे वडील गेले तेव्हा सगळे नातेवाईक मान खाली घालून बसले होते आणि ही दारात येऊन त्यांच्यावर कडाडली, "मेल्या, ऐतवारची सुरमई सांगून ठेवलीस आनी आज निघालास? सांगून तरी जायचंस!" आमचे एक काका तिला बाहेर काढायला उठले. पण सकाळपासून दगडासारखी बसलेली आई तेव्हा पहिल्यांदा रडली. कोळीवाड्यात कुणी गेलं की मावशीला मुद्दाम बोलावणं येतं, हे मला पुढे कळलं.

तिचा एकच लाड होता, मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, दिवसातून चारदा हिरड्यांना घासायची आणि मधल्या वेळात गालात तंबाखूची गोळी धरायची. मी तेव्हा पोट भरायला कॅन्सरच्या एका इस्पितळात रोग्यांची कार्डं लिहायचो. दिवसभर तंबाखूने जळलेली तोंडं बघायची आणि सकाळी आपल्याच पायरीवर तो डबा उघडताना बघून हसायचं, हा माझा शहाणपणा. मी एकदाच बोललो होतो. "बापाच्या तपकिरीला कधी बोललास?" असं तिने विचारलं आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

एका सकाळी तिच्या शिव्या तोंडाच्या एकाच बाजूने येतायत असं मला वाटलं. पायरीवर बसवून तोंड उघडायला लावलं. डाव्या गालाच्या आत रुपयाएवढा व्रण होता. सहा महिने ती त्यावर हळद लावत होती आणि भगताला नारळ देत होती. मी इतका ओरडलो, की तीच म्हणाली, "हळू बोल रं बाला, लोकं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी ती आली ती सोबतीला धाकट्या जावेला घेऊन. ही जाऊ म्हणजे काटकुळी, पदरात तीन पोरी, नवरा दर्यात गेलेला, आणि आवाज इतका बारीक की तिला मासे विकता येत नसत. ती फक्त सुकट वाळवायची. आमच्या डॉक्टरांना रोग्याबरोबर आलेल्या माणसाचंही तोंड पाहायची सवय होती. त्यांनी सहज जावेलाही तोंड उघडायला सांगितलं आणि सहज काही राहिलं नाही. तिच्याही गालात तेच होतं, जरा लहान.

तेव्हा आमच्याकडे नव्या औषधाची चाचणी चालू होती. निम्म्या रोग्यांना नेहमीचे किरण, निम्म्यांना किरण आणि वर नवं इंजेक्शन. कुणाला काय, हे डॉक्टर ठरवत नसत. बंद पाकीट फोडायचं, आत निघेल ते. औषधाचा खरंच उपयोग होतो का हे नाहीतर कळणार कसं? हे सगळं मी मावशीला अर्धा तास समजावत होतो. तिने मध्येच हात उडवला.

"अरे, म्हंजे वाटं! होडी आली का म्हावऱ्याचं सारखं वाटं मांडायचं. एकीनं पाठ करून उभं राहायचं, दुसरीनं वाट्यावर बोट ठेवायचं, 'हा कुनाचा?' पाठ फिरवलेली ज्याचं नाव घेईल, त्याचा तो वाटा. मग भांडायचं नाय. पाठ फिरवली का देव बोलतो."

डॉक्टर खुश झाले. "मी इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना इतकं सरळ सांगू शकलो नव्हतो," म्हणाले. दोघींनी अंगठे उठवले. पाकिटं फुटली. मावशीला किरण आणि इंजेक्शन आलं, जावेला नुसते किरण.

तिसऱ्या आठवड्यात भांडं फुटलं. इंजेक्शनवाल्यांची तोंडं आतून सोलून निघत. मावशीचं तोंड त्या मानाने बरं होतं आणि जावेला पाणी गिळवत नव्हतं. डॉक्टरांनी दोघींना समोर उभं केलं आणि कळलं ते असं, की पहिल्या दिवसापासून मावशी खिडकीवर आपली चिठ्ठी घ्यायची आणि इंजेक्शनच्या खोलीत जावेला पाठवायची. चिठ्ठी देणारा मीच. सुई टोचायला कोण गेलं, हे मान वर करून पाहायचंही मला सुचलं नव्हतं.

डॉक्टरांचा आवाज सगळ्या व्हरांड्यात गेला. "वजन बघून औषध मोजलंय तुमच्यासाठी! ही बाई निम्मी आहे तुमच्या! हे औषध आहे, बोंबील नव्हेत!"

"माजा वाटा," मावशी म्हणाली. "मी खाईन, नायतर जावेला देईन. तिच्या पदरात तीन पोरी हायत. तुमचं काय जातंय?"

"असं चालत नाही!"

"मग वाटं कशाला मांडलं? आनी मांडलं तं सारखं का नाय मांडलं? एकीला किरनं, एकीला किरनं आनी वर सुई! आमच्या किनाऱ्याला असं लहानमोठं वाटं मांडनाऱ्याला बाया बडवतील!"

खरं सांगतो, तेव्हा मला तिचा राग आला होता, डॉक्टरांचा आला होता आणि माझा स्वतःचा सगळ्यात जास्त आला होता. अर्धा तास उपयोगाचं बडबडून मी अपायाची मुख्य गोष्टच सांगितली नव्हती. ती डॉक्टरांनी सांगितली. आवाज एकदम खाली आणून ते म्हणाले, "बाई, मोठा वाटा कुठला, तेच आम्हाला माहीत नाही. वरची सुई औषध आहे की विष, तेच बघायचंय. म्हणून तर मांडले."

मावशी गप्प झाली. इतक्या वर्षांत मी तिला गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. तिने जावेकडे पाहिलं. जाऊ ओठांवर पदर धरून उभी होती.

त्याच संध्याकाळी जावेला ताप भरला. बारा दिवस ती वॉर्डात होती आणि बारा दिवस मावशी, स्वतःचे किरण घेऊन झाले की, वॉर्डाच्या दाराशी जमिनीवर बसून राहायची. आया तिच्यावरून केर काढायच्या, तरी ती एक अक्षर बोलायची नाही. मशेरीचा डबा तिने यातल्या पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर आपटला होता. तेराव्या दिवशी जाऊ दोन घोट पेज प्याली आणि आतून मावशीचा आवाज आला, "अख्खी वाटी संपव, सटवे!" मी खुर्चीत बसल्या बसल्या डोळे पुसले.

दोघींच्या कार्डांवर लाल रेघ मारायचा हुकूम झाला. चाचणीच्या हिशेबातून त्या बाद. रेघ मीच मारली. पुढे जावेची गाठ विरली. मावशीची वर्षाने परत आली. "इंजेक्शन तिने घेतलं असतं तर?" असं मी डॉक्टरांना विचारलं. "दोन माणसांवरून काहीच सांगता येत नाही," ते म्हणाले. ते खरं होतं आणि मला ते ऐकून टेबल उलथावंसं वाटलं.

शेवटी शेवटी मावशीला बोलता येत नव्हतं. ज्या तोंडाने सगळी अंधेरी दणाणून सोडली, ते तोंडच गेलं. मी भेटायला गेलो की ती दोन हातांनी हवेत दोन ढीग मांडायची आणि भुवया उडवायची. कुठला मोठा निघाला? मी म्हणायचो, अजून मोजतायत. मग ती डोळ्यांनीच मला शिव्या द्यायची.

ती गेल्यावर जाऊ टोपली घेऊन येऊ लागली. दारात उभी राहून इतक्या हळू हाक मारायची, की आई कान देऊन बसायची. बोंबील मोजून द्यायची आणि मान खाली घालून जायची. आपण मावशीचा वाटा खाल्ला, हे ती मानेवर घेऊन फिरत होती, ते कुणी सांगायला नको होतं.

चाचणी संपायला आणखी काही वर्षं गेली. ज्या दिवशी डॉक्टरांनी मला निकाल सांगितला, त्या दिवशी मी घरी न जाता तडक वेसाव्याला गेलो. जाऊ बसून उन्हातली सुकट वरखाली करत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "सारखे निघाले. दोन्ही वाटे सारखे. तिने सुई घेतली असती तरी काही कमीजास्त झालं नसतं."

तिने हातातली सुकट खाली टाकली. मग उठली, समुद्राकडे तोंड केलं आणि ओरडली, "मेले! इतकी वर्सं मना जाळलंस! सांगून तरी जायचंस!" शेजारच्या बाया दारात आल्या. हिला आवाज आहे, हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं. ती ओरडत राहिली, आणि ओरडता ओरडताच माझ्या हातातली पिशवी ओढून घेऊन तिच्यात सुकट भरू लागली. मी मागितली नव्हती. पिशवी भरली, तरी ती वर टाकतच होती.