सिस्टर बेनितांचा रविवार

तुमच्या घरी बसलेल्या गणपतीचे डोळे ज्या मुलीने आखले, ती त्या दिवशी शाळेत गेली होती का? आरती म्हणताना हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मला पडला होता, नववीत असताना. आणि त्याचं उत्तर मी इतक्या ठामपणे चुकीचं दिलं की, जी बाई माझ्या कितीतरी आधीपासून तो प्रश्न सोडवत होती तिच्याच विरुद्ध मी पत्रक काढलं. ती बाई म्हणजे आमच्या पेणच्या शाळेतल्या सिस्टर बेनिता. दीड महिन्यापूर्वी रोह्याच्या कॉन्व्हेंटमध्ये त्या वारल्या. फोन संगीताचा होता. ती माझी वर्गमैत्रीण, आता पेणजवळ जोह्याला वडिलांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना चालवते. "सिस्टर गेल्या गो," एवढंच म्हणाली. मागे रंगाच्या कॉम्प्रेसरचा आवाज चालू होता. मग तिने विचारलं, "आता रविवारचं काय करायचं?" हा लेख त्याच प्रश्नासाठी आहे.

सिस्टर मूळच्या वसईकडच्या. पेणला आल्या तेव्हा शाळा म्हणजे भाड्याने घेतलेली भाताची वखार होती. सकाळी आधी तूस झाडायचं, मग प्रार्थना. "पहिल्या वर्षी मुलांपेक्षा उंदीर नियमित यायचे," असं त्या सांगायच्या. पुढे शाळेची इमारत झाली, मारियामातेची मूर्ती मागवली, तर वाटेत टेम्पोत तिचा चेहरा फुटला. हमरापूरच्या एका मूर्तिकाराने तो नवा करून दिला. पण हाताला सवय गौरीची, त्यामुळे डोळेही गौरीचेच आखले गेले, मोठे आणि टपोरे. नंतर बदलून आलेल्या फादरांनी ते पुन्हा रंगवून घेऊ म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, "फादर, बाकीच्या मूर्ती खाली बघतात. ही पोरांकडे बघते. राहू द्या." शाळा कुणाच्या मुलखात उभी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मला मात्र नव्हतं. माझे वडील युनियनचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, त्यामुळे अन्याय दिसला की मला चौकशीआधी मथळा सुचायचा. जून उलटला की आमच्या वर्गातले मागचे बाक रिकामे पडत. हमरापूर-जोह्याची मुलं कारखान्यात अडकलेली असत. एक दिवस पाहिलं तर सिस्टर हजेरीपटातून नेमकी तीच नावं एका लांब वहीत उतरवून घेत होत्या. नावं कापायचीच यादी, दुसरं काय? मी घरी जाऊन लिहिलं, 'गणपती घडवणाऱ्या हातांना या शाळेत जागा नाही का?' झेरॉक्स काढल्या आणि एसटी स्टँडवर, जोह्याच्या बसमध्ये वाटून टाकल्या. त्या संध्याकाळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

चार दिवसांनी संगीताचे वडील, अण्णा, आमच्या दारात आले. हाताला कोपरापर्यंत शाडू.

"ह्यो कागद तुजा का?"

"हो."

"नावं कापतात म्हून कोनी सांगलं तुला? ती वही आमच्याकडं येते. दर आयतवारी शिश्टर येतात, कोनाचा कुठला धडा बुडला ते बघून शिकवतात. आता तुजा कागद वाचून गावात लोक इचारतात, बाई कारखान्यात येते ती कशाला? त्यांच्या वरच्यांनी बी त्यांना सांगलंय, जाऊ नका. पोरांचं येवढं एक चाललेलं, ते बी तू बंद पाडलंस गो."

मी पेणची, बाजारपेठेत राहणारी. पाच वर्षं संगीताच्या शेजारी बसून तिचा रविवार कसा जातो हे मी कधी विचारलं नव्हतं. मी दुसरं पत्रक लिहिलं, चूक कबूल करणारं, आणि त्याच बसमध्ये उभी राहून वाटलं. एक जण म्हणाला, "आता तिसरं कधी?" सगळी बस हसली. दोन रविवार वर्ग बंद राहिला. तिसऱ्या रविवारी अण्णा आणि आणखी चार-पाच बाप शाळेत जाऊन सिस्टरना स्वतः जोह्याला घेऊन आले. सिस्टर मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कबूल केलंस, पुष्कळ झालं. आता बीजगणित कोण घेणार? माझं कच्चं आहे."

तेव्हापासून मी जोह्याला जाते. सुकत ठेवलेल्या मूर्तींच्या मधल्या वाटेत गोणपाट टाकून वर्ग भरायचा. पाटाची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ, सोंडेच्या वळणावर वर्तुळाचा कंस. मी मधूनच भडकायचे, मुलांना कामाला जुंपणं चूक आहे म्हणायचे. "चूकच आहे. तू भांड," सिस्टर म्हणायच्या. "पण तुझं भांडण मिटेपर्यंत सातवीची परीक्षा थांबणार नाय." मी आजही भांडते, आणि आजही त्यांचं उत्तर खोडून काढू शकलेले नाही. निवृत्त होऊन रोह्याला गेल्यावरही गणपतीच्या सीझनमध्ये त्या सकाळची मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की गाडीने पेणला उतरायच्या आणि बस पकडून जोह्याला यायच्या. गुडघे धरून, पण यायच्या.

शेवटची भेटले तेव्हा त्या खाटेवर होत्या. तब्येतीचं विचारू दिलं नाही. "यंदा विज्ञान कोण घेतंय?" म्हणाल्या. मी बघते म्हटलं. "तू बघतेस म्हणजे कुणी नाय," असं म्हणून हसल्या आणि डोळे मिटून घेतले...

मागच्या रविवारी गोणपाटावर अकरा मुलं होती आणि शिकवायला मी एकटी. संगीताची पुतणी रूपाली दहावीत आहे. तिने प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा पुढे केला आणि मला तो धड सांगता आला नाही. तिने पुस्तक मिटलं, ब्रश उचलला आणि म्हणाली, "जाऊ दे ताई, डोळे आखते. तेवढं तरी येतं." 

वाचणाऱ्यांत कुणी विज्ञान शिकवलेलं असेल, किंवा दहावीपुरतं अजून आठवत असेल, तर सिस्टरसाठी श्रद्धांजली सभा वगैरे नको. येत्या रविवारी दहाच्या सुमारास पेणहून जोह्याच्या बसमध्ये बसा. उतरल्यावर कुणालाही 'शिश्टरची शाळा' विचारा, दाखवतील. दोन तास द्या. जुने कपडे घालून या, रंग लागतो. आणि आल्यावर आधी रूपालीच्या शेजारी बसा.