रुमालाची जागा

कोल्हापुरात कॉलेजची फुटबॉल मॅच, आणि दगडी गॅलरीत मी आणि शेजारी एक म्हातारे गृहस्थ, असे आम्ही दोघंच. त्यांनी बाजूच्या पायरीवर रुमाल पसरला होता. पूर्वी इथं जागा अशीच धरावी लागायची.

"कोण यायचंय का?" मी विचारलं.

"न्हाई. सवय."

तेवढ्यात गोल झाला. गोल करणारा, इथल्या रीतीप्रमाणं, हात उंचावून गॅलरीकडं धावत सुटला आणि अर्ध्यातच मंदावला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या इतक्या एकट्या वाजल्या की मलाच ओशाळल्यासारखं झालं. खेळ तोच आहे, पण झालेला आनंद धावत न्यायचा तरी कुणाकडं?

तो मान खाली घालून परतला. म्हाताऱ्यांनी वाऱ्यानं उडू पाहणारा रुमाल नीट केला आणि त्यावर एक खडा ठेवला.