लाल शाईचं पेर

तिने माझी पाठ मोजली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. रविवार होता, सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं, आणि मी शेताकडे निघालो होतो. तिने मला पायरीवरूनच माघारी बोलावलं.

"सदरा काढा."

"कशाला? नवा शिवतीस का?"

"पोरीना अभ्यास शे. हालू नका, मनी ईत चुकस ना मंग."

ती धुळ्याकडची. इकडे नशिराबादच्या अंगाला येऊन तिला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण बोली काही सोडली नाही. ईत म्हणजे वीत. पोर म्हणजे आमची नात, तिसरीत शिकते. मुलगा जळगावला कंपनीत कामाला आहे, पोर आणि सून आमच्याजवळ. जानेवारीत पोरीला टायफॉईड झाला आणि तिची चाचणी बुडाली. शाळेच्या बाईंनी एक कागद दिला. जादा मार्कांचे उपक्रम. चार विषयांचे चार, एकेकाला पाच मार्क. मराठीला घरच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून आणायच्या. परिसराला मूग भिजवून मोड कसे येतात ते लिहायचं. इतिहासाला घरातली एक जुनी वस्तू आणि तिची गोष्ट. गणिताला घरातल्या पाच गोष्टी वितीने मोजायच्या.

चार गोष्टी मोजून झाल्या होत्या. पाचवा मी. माझ्या पाठीवर तिचा हात फिरला, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. पोर पेन्सिल धरून बसली होती.

"तीन," ही म्हणाली. "लिख, आबानी पाठ तीन ईत. पहिले साडेतीन व्हती. वाळी गयात."

"तुझ्या हातचं खाऊन," मी म्हटलं. पोर खिदळली.

मग पोरीने पिवळ्या कार्डशीटवर आजीचा उजवा हात वितीसारखा पसरून ठेवला आणि भोवतीने पेन्सिल फिरवली. वीत कुणाची ते दाखवायचं होतं. करंगळीपाशी पोर थांबली. हिची करंगळी वरच्या पेराशिवायची. तीस वर्षांपूर्वी कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेलं ते पेर.

"अक्का, पूर्ण काढू का?" पोर आजीला अक्काच म्हणायची, सगळं गाव म्हणायचं म्हणून.

"जशी शे तशी काढ."

मी सदरा घातला आणि शेतात गेलो. एवढंच. आणखी काही बोललो नाही.

सोमवारी पोर चारी कार्डं घेऊन शाळेच्या गाडीत बसली. दुपारी ही गच्चीवर गेली. ज्वारीचे बिबडे, पापडासारखे, वाळत घातले होते, ते पालटायला. बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. लोक म्हणाले, भाग्यवान, हाल झाले नाहीत. चौथ्या-पाचव्या माणसाने तेच म्हटलं तेव्हा मी त्याला म्हटलं, मग तू हो भाग्यवान. तो अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

तेरावं झालं. पोर पुन्हा शाळेत जायला लागली आणि एके दिवशी मार्क घेऊन आली. मराठीला दोन, कारण भाषा अशुद्ध. परिसराला तीन. गणिताला एक. पाचपैकी एक! इतिहासाचं काय ते मी विचारलंच नाही, माझं डोकं गणितातच अडकलं.

"कार्ड कुठे आहे?"

"शाळेत जमा, आबा. परत नाही देत. बाई म्हणाल्या, परीक्षा झाली की रद्दीत जातं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घरात हिचे तीन फोटो आहेत. तिन्हीत उजवा हात पदराखाली. फोटोवाला दिसला की तिचा हात आपसूक पदराआड जायचा. म्हणजे ज्या हाताने चाळीस वर्षं माझ्या ताटात भाकरी पडली, तो जगात आता एकाच ठिकाणी राहिला होता, त्या पिवळ्या कार्डावर. आणि ते रद्दीत जाणार होतं. माझी चिता पेटली तरी चालेल, पण ते कार्ड मला घरात पाहिजे होतं.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आबा, शाळेत भांडू नका. पोरीला तिथेच बसायचंय."

मी म्हटलं, "भांडत नाही." खोटं बोललो.

सून म्हणाली, "निदान दाढी तरी करून जा." दाढी केली नाही.

शाळा हायवेला लागून आहे. व्हरांड्यात टेबलं मांडून पोरांचे उपक्रम ठेवले होते. थर्माकोलचे तीन ज्वालामुखी. तिन्ही अगदी सारखे, तोच लाल रंग, तोच कापूस, आणि एकाच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. तिघांनाही पाचपैकी पाच, वर सोनेरी तारा. आमच्याकडे कुठे आला ज्वालामुखी? आमच्याकडे केळी आहे, कपाशी आहे, तापी आहे. ते कुणी मांडलं नव्हतं, कारण ते दुकानात तयार मिळत नाही. पोरांनी काय केलं असेल? दुकानापासून गाडीपर्यंत हातात धरून आणलं असेल. मार्क पोरांच्या नावावर आणि कष्ट दुकानदाराचे. ज्या आयांना दुकान परवडत नाही त्या भाकऱ्या टाकून संध्याकाळभर कातरी घेऊन बसतात. आणि ज्या पोरीने खरंच आपल्या हाताने मोजलं तिला एक!

बाई भेटल्या. तरुण पोर, माझ्या सुनेच्या वयाची. मला म्हणाल्या, "या आबा, बसा. अक्कांचं कळलं, वाईट वाटलं."

"कार्ड द्या," मी म्हटलं.

त्यांनी कपाटाखालचं पोतं ओढलं. पोतं! त्यात ती सगळी कार्डं उभी कोंबलेली. आमची चार काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मी गणिताचं उचललं.

हिचा हात होता. अंगठा बाहेर, जरा वाकडा. सगळं होतं. आणि करंगळीला लाल शाईने एक पेर जोडलेलं होतं. नखसुद्धा काढलं होतं. बाजूला लिहिलं होतं, अपूर्ण आकृती. खाली पाचपैकी चार उत्तरांवर फुल्या.

कान तापले.

"हे कुणी केलं?"

"बोट अर्धंच सोडलं होतं तिने," बाई म्हणाल्या. "मुलं घाई करतात ना. मी पूर्ण करून दाखवलं."

"माझ्या बायकोचं बोट तुम्ही पूर्ण केलं?"

त्यांना कळेना. मी म्हटलं, "बाई, ते बोट तीस वर्षांपासून तेवढंच होतं. त्या बोटाने तिने चार खोल्यांचं घर उभं केलं. तिला ते कमी पडलं नाही. तुम्हाला पडलं!"

बाईंचा चेहरा उतरला. पण मी थांबणारा नव्हतो.

"आणि या फुल्या?"

"आबा, एक वीत म्हणजे नऊ इंच धरतात. सहा फुटांची खाट आठ वीत भरायला हवी. हिने बारा लिहिलंय."

"ठेवा हात."

"अं?"

"टेबलावर हात ठेवा. पट्टी घ्या."

शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. या बाईंनी गुपचूप हात पसरला, मीच पट्टी लावली. साडेसात. मग माझा हात पसरला. नऊ. मी म्हटलं, "पुस्तकातला माणूस माझ्याएवढा असेल. तुम्ही पण नापास, बाई. आता त्या कार्डावरचा मोजा. तुमच्या लाल पेराच्या अलीकडे थांबायचं."

त्यांनी मोजला. सहा.

"बारा सक किती?"

"बहात्तर," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि सहा फुटांचे इंच?"

मी चौथी शिकलो. त्यातली दोन वर्षं गुरांमागे गेली. तरी मला कळतं की वितीने मोजायला सांगतात ते एवढ्यासाठीच, की प्रत्येकाची वीत वेगळी भरते हे पोराला कळावं. ते पोरीला कळलं होतं. तिने वर स्वच्छ लिहिलंसुद्धा होतं, ही वीत माझ्या आजीची आहे.

"मला माहीत नव्हतं, आबा."

"विचारायचं. रोज समोर बसते ती."

"अडतीस मुलं आहेत. त्यात हे तपासायचं, फोटो काढून वर पाठवायचे..." मला दया आली का? थोडी आली. पण रागाच्या खाली आली, वर नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून पांढऱ्या शाईची बाटली काढली. "मी लाल पुसून देते. आणि पाचपैकी पाच करते."

"मार्क तुमचे, ते बरोबर करा. पण आता तुमचा हात तिच्या हातावरून फिरवू नका."

त्यांनी बाटली खाली ठेवली. मार्क दुरुस्त केले, सही केली. चारही कार्डं मला दिली. मी जिंकून बाहेर आलो. तसंच वाटत होतं.

गाडीची वाट बघत झाडाखाली बसलो आणि एकेक कार्ड बघायला लागलो. ओव्यांचं. पाच मागितल्या होत्या, तीनच होत्या. बाकीच्या पोराबाळांसमोर सांगायच्या नाहीत, असं ही म्हणाली होती. मुगाचं कार्ड. मग इतिहासाचं. त्यावर तेवढा लाल शाईचा शेरा होता, छान! आणि पाचपैकी पाच.

घरातली जुनी वस्तू: कडबा कुट्टीचं मशीन. पोरीने त्याचं चाक काढलं होतं, पातं काढलं होतं. खाली गोष्ट. मी अक्षराला अक्षर लावून वाचली. 'हे मशीन आमच्या गोठ्यात आहे. एक माणूस कडबा आत सारतो. एक माणूस चाक फिरवतो. सारणाऱ्याने हं म्हटलं की चाक फिरवायचं. अक्काने हं म्हटलं आणि हात मागे घ्यायला उशीर केला. म्हणून तिचं बोट गेलं. चूक अक्काची होती. असं अक्काने मला सांगितलं.'

दोन गाड्या गेल्या.

तिने हं म्हटलं नव्हतं. मी बांधावरच्या एका माणसाशी भांडून आलो होतो, डोक्यात तेच घोळत होतं, आणि मी चाक फिरवलं. जळगावला दवाखान्यात डॉक्टरने विचारलं तेव्हा तिच्या हातातून रक्त गळत होतं आणि मी म्हणालो, हिने हं म्हटलं, मग मी फिरवलं. तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच बघितलं. त्यानंतर मी हेच सासऱ्याला सांगितलं, मुलाला सांगितलं, गावाला सांगितलं. तीस वर्षं सांगितलं. कधी चिडलो तर वर म्हणायचो, तुला धांदल नडली. ती गप्प. आणि तिची शेवटची गोष्ट नातीला सांगायची वेळ आली तेव्हाही तिने माझंच खोटं सांगितलं, आपल्या तोंडाने, आणि पोरीने ते सुंदर अक्षरात लिहिलं.

बाईंनी एक पेर खोटं जोडलं म्हणून मी त्यांना दारातल्या बाईसमोर रडवायला निघालो होतो. त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

घरी गेलो. सुनेने विचारलं, "मिळालं का?" मी कार्डं तिच्या हातात दिली आणि गोठ्यात जाऊन बसलो. मशीन तिथेच आहे, गंजलेलं. भंगारवाल्याला कितीदा द्यायला निघालो होतो. तीच म्हणायची, राहू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर वेणी घालून ओट्यावर गाडीची वाट बघत होती. मी इतिहासाचं कार्ड आणि पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसलो.

"हे बरोबर कर."

"आबा, याला तर पाचपैकी पाच आहेत! गणिताचं चुकलं होतं."

"गणिताचं बरोबर होतं. हे चूक आहे."

"पण अक्कानेच सांगितलं."

"माझ्यासाठी सांगितलं तिने. पुसू नको, जे आहे ते तसंच राहू दे. खाली लिही."

"बाई मार्क कापतील."

"कापू देत. मी येईन सांगायला."

तिने पेन्सिलीचं टोक बघितलं, कार्ड मांडीवर घेतलं. रस्त्याच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला.

"सांगा लवकर. काय लिहू?"

"लिही," मी म्हटलं. "अक्काने हं म्हटलं नव्हतं."