हिमालयन सनसेट आणि फॉर्मातला एक रकाना

अमेरिकन नागरिकत्वाचा माझा फॉर्म दोन महिने फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता. अडला होता तो एका रकान्यावर. तुम्हाला नाव बदलायचं आहे का? असल्यास इथे लिहा. नवऱ्याने स्वतःचा फॉर्म चहा गार व्हायच्या आत भरून टाकला होता. मला मात्र नाव बदलायचं होतं. नवं नको होतं, जुनंच परत हवं होतं, वडिलांनी ठेवलेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने माझं दुसरंच नाव लिहिलं होतं. ते सासूबाईंनी निवडलेलं, त्यांच्या मुलाच्या नावाशेजारी दारावरच्या पाटीत शोभेल असं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही गुमान पेढा खाल्ला, याचा राग मला अजून येतो.

"अगं, लायसन्स, बँक, सगळीकडे चेंज करावं लागेल यार," नवरा म्हणाला. "आणि आईला काय सांगू? नाव म्हणजे नुसतं लेबल. माणूस तोच राहतो ना?"

लेबलांबद्दल मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या पार्सिपनी गावातल्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानात मी सापांच्या विभागात कामाला होते. मंडळाच्या गणपतीत नवरा हेच "ती बायॉलॉजी लाइनमध्ये आहे" असं सांगायचा. मग मंडळातल्या एक डॉक्टरीणकाकू मला आपल्या शेजारी बसवून घ्यायच्या आणि आपल्या मुलीला माझ्याकडून काही शिकायला सांगायच्या.

तर फॉर्म हातात यायच्या काही महिने आधी आमच्या दुकानाच्या मालकाने एक आंतरजातीय विवाह लावला. वधू कॉर्न स्नेक, नारिंगी आणि गरीब स्वभावाची. वर किंग स्नेक, आणि या घराण्यात दुसरे साप गिळायची रीत. त्यामुळे वराने वधूला खाऊ नये म्हणून मालक हातात लोखंडी आकडा घेऊन मांडवात उभा. यथावकाश नऊ पिल्लं झाली, फिकट नारिंगी, तपकिरीकडे झुकणारी. मालकाने काचेवर प्रामाणिकपणे पाटी लावली, "हायब्रिड".

कुणी फिरकेना. एक गृहस्थ नेहमी यायचे. त्यांचे आजोबा आयरिश, आजी इटालियन, बायको अर्धी पोलिश, हे त्यांनी मला अर्धा तास कौतुकाने सांगितलं. मग पाटी वाचून नाक मुरडलं आणि म्हणाले, साप मात्र शुद्ध रक्ताचा हवा.

मालक वैतागून माझ्याकडे वळला. "तू इंडियाची. सापाचं नाव तूच सांग," असं त्याने फर्मावलं. मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. लहानपणी जवळून पाहिलेला नाग एकच, नागपंचमीला आईने पाटावर चंदनाने काढलेला. पण हे कबूल करून आपली किंमत कोण कमी करून घेईल? मी तोंडाला येईल ते बोलले, "हिमालयन सनसेट."

हिमालय मीही पाहिला नव्हता. पण पाटी लागली आणि काचेपुढे गर्दी झाली. तेच गृहस्थ आले, वाकून बघत राहिले आणि म्हणाले, याच्या डोळ्यांत केवढी शांतता आहे! सापाला पापण्याच नसतात, तो दुसरं काय करणार? तुमच्याकडे हा पवित्र मानतात का, असं त्यांनी विचारलं. नागाची पूजा करतो आम्ही, असं मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मालकाने त्याच दुपारी भाव वाढवला. पंधरा दिवसांत नऊच्या नऊ पिल्लं गेली. खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली.

काही महिन्यांनी ते गृहस्थ खोका घेऊन परत आले. सापाने चार-पाचदा कात टाकली होती आणि नारिंगी छटा पार गेली होती. आत पावसाळ्यातल्या चपलेच्या रंगाचा एक धष्टपुष्ट साप होता.

"हा हिमालयन सनसेट नाही," ते म्हणाले.

"साप तोच आहे," मी म्हणाले.

"मग तुम्ही मला विकलं काय?"

मला खरोखर लाज वाटली. त्या माणसाने साप कधी पाहिलाच नव्हता, माझी पाटी पाहिली होती. आणि त्यात सगळा दोष त्याचा नव्हता. सात वर्षं सासरी मलाही सगळे सासूबाईंनी लावलेल्या पाटीवरूनच ओळखत होते, आणि तो सनसेट आता माझ्याच्याने निभत नव्हता.

मालक म्हणाला, पैसे परत दे आणि याला आता "चॉकलेट हिमालयन" कर. मी नाही म्हटलं. काचेवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "आई कॉर्न स्नेक, वडील किंग स्नेक. रंग तपकिरी. स्वभाव बरा." मालक दोन आठवडे माझ्याशी धड बोलला नाही आणि साप महिनाभर तिथेच पडून होता. शेवटी एका शाळेतल्या बाईंनी नेला. त्यांनी फक्त हा खातो काय एवढंच विचारलं.

पाटी लिहिली त्याच संध्याकाळी घरी येऊन मी फ्रिजवरून फॉर्म काढला. रकाना भरला, फॉर्म टेबलावर ठेवला आणि भाताला पाणी ठेवायला आत गेले. नवरा ऑफिसातून आला. तो इंजिनियर, कुठलाही कागद तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी तांदूळ धूत राहिले. पुन्हा लायसन्स आणि बँक निघणार, अशी माझी खात्री होती.

बाहेर स्पेलिंग तपासताना त्याने रकान्यातलं नाव मोठ्याने वाचलं. सात वर्षांत त्याच्या तोंडून मी माझं नाव पहिल्यांदाच ऐकत होते. जरा थांबून त्याने पुन्हा उच्चारलं, या वेळी कागदाकडे न बघता, हाक मारल्यासारखं.

आतून मी ओ दिली.